जामीन राहिलेला बर्णबा

हैदराबादला काचीगुड्यात माझा मावसभाऊ राहतो. तिथे गेलो की एक रविवार मी आबिड्ससाठी राखून ठेवतो. रविवारी तिथली बरीच दुकाने बंद असतात आणि त्यांच्या पायऱ्यांपुढे, फूटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. इंजिनियरिंगची गाइडे, उर्दू दिवाने, इंग्रजी कादंबऱ्या, पाने सुटलेले शब्दकोश, सगळे एकाच ढिगात. एकदा अशाच एका ढिगात एक स्वस्त छपाईचे इंग्रजी पुस्तक हाती लागले. वर नाव होते ‘द गॉस्पेल ऑफ बार्नाबास’. मी ते चाळतो आहे हे पाहून विकणारे वयस्क गृहस्थ अगदी अदबीने म्हणाले, "ले लेव साब, असली इंजील है. चर्चवाले इसकू छुपाके रखे थे."

मावसभाऊ हसला. "घे रे, पन्नास रुपयांत असली मिळतंय तर!" मी घेतले. परतीच्या गाडीत वाचायला लागलो आणि वास्को येईपर्यंत त्या बर्णबाने माझा पिच्छा सोडला नाही.

(मराठी बायबलात त्याचे नाव ‘बर्णबा’ असे लिहितात, म्हणून मीही तसेच लिहितो. आमच्या गोव्यात हेच नाव ‘बार्नाबे’ होऊन आले आहे. कचेरीतल्या नोंदवहीत ते मी स्वतःच्या हाताने लिहिले आहे, पण हा मूळचा बार्नाबे कोण, असा प्रश्न तोवर कधी पडला नव्हता.)

त्याची खात्रीलायक माहिती मिळते ती नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आणि पौलाच्या पत्रांत. मूळ नाव योसेफ. जातीने लेवी, म्हणजे यहुद्यांच्या मंदिरसेवेचा वारसा असलेल्या वंशातला. राहणारा सायप्रस बेटाचा. येशूच्या बारा शिष्यांत तो नव्हता. यरुशलेमेत पहिली ख्रिस्ती मंडळी जमली तेव्हा त्याने आपले शेत विकले आणि आलेले पैसे प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवले. त्यांनी त्याला ‘बर्णबा’ म्हणायला सुरुवात केली. धीर देणारा, असा त्या नावाचा अर्थ सांगतात. पुढे त्यालाही प्रेषित म्हटलेले आहे.

त्याच्या आयुष्यातला मोठा प्रसंग शौलाचा. हा शौल ख्रिस्ती लोकांना शोधून शोधून तुरुंगात घालणारा माणूस. तो एक दिवस यरुशलेमेत येऊन म्हणतो, मी आता तुमच्यातला झालो. कोण विश्वास ठेवणार? सगळे त्याला भ्याले. हा हेर असेल, असे वाटणे साहजिकच होते. त्या वेळी बर्णबा त्याला हाताला धरून प्रेषितांकडे घेऊन गेला आणि याची हमी मी देतो, अशा अर्थाने त्याच्यासाठी बोलला. आपल्याकडे ज्याला जामीन राहणे म्हणतात, ते त्याने केले. पुढे अंत्युखियात काम वाढले तेव्हा हाच बर्णबा तार्सला जाऊन शौलाला शोधून घेऊन आला. हा शौल म्हणजेच पौल. नव्या करारातली तेरा पत्रे ज्याच्या नावावर आहेत, तो.

दोघे मिळून सायप्रसला गेले, तिथून आशिया मायनरमध्ये. लुस्त्र गावातल्या लोकांनी पौलाला हर्मेस आणि बर्णबाला थेट झ्यूस ठरवले आणि बैल घेऊन पूजेला आले, अशी एक गमतीदार हकीकत आहे. मग दोघांचे बिनसले. कारण तसे घरगुती. योहान मार्क नावाचा बर्णबाचा तरुण नातलग पहिल्या प्रवासात अर्ध्यावरून घरी परतला होता. पौल म्हणाला, पळपुट्याला पुन्हा नेणार नाही. बर्णबा म्हणाला, नेऊ या. भांडण इतके वाढले की पौल एका वाटेने गेला आणि बर्णबा मार्काला घेऊन सायप्रसला. त्यानंतर ‘कृत्यां’मधून बर्णबा नाहीसाच होतो. सायप्रसमध्ये सालामिसजवळ तो हुतात्मा झाला, असे परंपरा सांगते. ११ जून हा त्याचा सण.

इतके झाले चरित्र. या चरित्रात त्याने लिहिलेली म्हणून निर्विवाद अशी एक ओळदेखील नाही. आणि तरीही त्याच्या नावावर कागद किती निघाले ते पाहिले की थक्क व्हायला होते.

पहिला कागद ‘बर्णबाचे पत्र’. हे जुने आहे यात शंका नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकाची अखेर ते दुसऱ्याचा पूर्वार्ध, असा त्याचा काळ धरतात. ‘कोडेक्स सिनाईटिकस’ म्हणून चौथ्या शतकातली जी प्रसिद्ध बायबलची पोथी आहे, तिच्यात नव्या कराराला जोडून हे पत्र लिहिलेले सापडते. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने ते बर्णबाचेच मानले. पण चौथ्या शतकातल्या युसेबियसने ते अमान्य ग्रंथांच्या यादीत घातले. आजच्या अभ्यासकांनाही ते बर्णबाचे वाटत नाही. यरुशलेमचे मंदिर इ.स. ७० मध्ये पडले, त्या नाशाचा त्यात उल्लेख आहे. शिवाय यहुद्यांनी आपले नियमशास्त्र अक्षरशः पाळले हीच त्यांची चूक, असा त्याचा सूर आहे. लेवी घराण्यात जन्मलेला माणूस हे लिहील का, आणि मंदिरातल्या विधींच्या तपशिलात चुका करील का, हा प्रश्न उरतोच. पत्रात लेखकाने स्वतःचे नाव कुठेही घातलेले नाही. नाव मागाहून चिकटले.

गंमत म्हणजे नव्या करारातले ‘इब्री लोकांस पत्र’ हेदेखील टर्टुलियनने बर्णबाचेच म्हटले होते. त्या पत्रातही लेखकाचे नाव नाही. निनावी कागद दिसला की त्याला बर्णबा आठवे, असे काहीसे झालेले दिसते.

दुसरा कागद सायप्रसचा. पाचव्या शतकात अंत्युखियाचे धर्मपीठ म्हणत होते की सायप्रसची चर्च आमच्या हाताखाली आहे. सायप्रसवाले म्हणत होते, आमचे आम्ही स्वतंत्र. अशा वेळी, इ.स. ४८८ च्या सुमारास, तिथल्या आर्चबिशप आंथेमिओसला दृष्टान्त झाला आणि सालामिसजवळ बर्णबाची कबर सापडली. त्याच्या छातीवर मत्तयाच्या शुभवर्तमानाची प्रत होती आणि ती बर्णबाने स्वतःच्या हाताने उतरवलेली, असे सांगितले गेले. ती प्रत सम्राट झेनोला भेट गेली आणि सायप्रसची स्वायत्तता पक्की झाली. तेव्हापासून तिथला आर्चबिशप सम्राटासारखी लाल शाईने सही करतो, असे ते मानतात, आणि ही चाल आजही आहे. आमच्या कचेऱ्यांतून साहेबाच्या हिरव्या शाईचे जे माहात्म्य आहे, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना लाल शाईचे मोल वेगळे सांगायला नको.

आता तिसरा कागद, म्हणजे माझ्या पिशवीत आलेले पुस्तक.

याची इटालियन पोथी १७०९ साली आम्स्टरडॅममध्ये क्रॅमर नावाच्या प्रशियाच्या एका राजसल्लागाराकडे दिसली. पुढे ती युजीन ऑफ सव्हॉय या राजपुत्राकडे गेली आणि तिथून व्हिएन्नाच्या ग्रंथालयात. एक स्पॅनिश पोथीही होती. तिच्या प्रस्तावनेत अशी गोष्ट आहे की पाचवा सिक्स्टस हा पोप आपल्या ग्रंथालयात डुलक्या घेत असताना फ्रा मारिनो नावाच्या साधूने हे पुस्तक झग्याच्या बाहीत लपवून पळवले. पुस्तकात २२२ अध्याय आहेत. यातला येशू देवपुत्र असल्याचे नाकारतो, मुहंमद पैगंबरांचे नाव घेऊन त्यांचे येणे सांगतो, आणि क्रुसावर त्याच्याऐवजी यहूदा चढतो.

भारतात हे पुस्तक वादात फार लवकर आले. १८५४ साली आग्र्याला पाद्री फांडर आणि मौलाना रहमतुल्ला कैरानवी यांचा गाजलेला जाहीर वाद झाला. कैरानवींनी नंतर १८६४ मध्ये ‘इझहार-उल-हक’ हा ग्रंथ लिहिला, त्यात या शुभवर्तमानाचा दाखला आहे. १९०७ मध्ये लॉन्सडेल आणि लॉरा रॅग या दांपत्याने इटालियन पोथी इंग्रजी भाषांतरासह ऑक्सफर्डहून छापली. लगेच १९०८ मध्ये कैरोला रशीद रिझा यांनी अरबी भाषांतर प्रसिद्ध केले. पुढे उर्दू आले. ‘तफहीम-उल-कुराण’ या आपल्या भाष्यात ६१ व्या सूरेच्या विवेचनात मौलाना मौदूदींनी या पुस्तकाची बाजू सविस्तर मांडली आहे. हे मौदूदी १९०३ साली औरंगाबादेत, तेव्हाच्या निजामाच्या मुलखात जन्मले, आणि ‘तर्जुमान-उल-कुराण’ हे मासिक त्यांनी सुरुवातीला हैदराबादेतूनच चालवले. तेव्हा आबिड्सच्या फूटपाथवर बर्णबा भेटावा यात नवल काहीच नाही. विकणाऱ्या गृहस्थांनी मला फसवले नाही. त्यांनी ऐकले होते ते सांगितले.

एक गोष्ट मात्र झाली होती. रॅग दांपत्याने आपल्या आवृत्तीला लांबलचक प्रस्तावना जोडून हे पुस्तक मध्ययुगाच्या अखेरीचे आहे, असे पुराव्याने दाखवले होते. पुढे जगभर ज्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या, त्यांतल्या अनेकांनी भाषांतर ठेवले आणि प्रस्तावना गाळली. माझ्या प्रतीतही ती नव्हती. कारकुनाच्या भाषेत सांगायचे तर टिपणीचे पान काढून घेऊन फाईल पुढे पाठवली. हा प्रकार किती जुना आणि किती सोयीचा असतो, ते आम्हाला चांगले ठाऊक आहे.

कागद हातात आला की मजकुराआधी तारीख आणि शिक्का बघायचा, ही आमची सवय. समजा कोणी १९३० सालचे म्हणून गोव्यातले विक्रीपत्र आणले आणि त्यात किंमत एस्कुदोत लिहिलेली असली, तर पुढे वाचायचे कारण उरत नाही. गोव्यात एस्कुदो आला १९५९ साली, त्याआधी रुपिया होता. खोटा कागद करणारा मोठ्या गोष्टी फार सांभाळून लिहितो. फसतो तो अशा बारीक ठिकाणी, जे त्याला इतके नेहमीचे असते की पूर्वी ते नव्हते हे त्याला सुचतच नाही.

या पुस्तकातला एस्कुदो म्हणजे शंभर वर्षांची ज्युबिली. यहुद्यांचे योबेल वर्ष पन्नास वर्षांनी येई. दर शंभर वर्षांनी ज्युबिली, हे ठरवले पोप आठवा बोनिफास याने, इ.स. १३०० मध्ये. पुढे १३५० साठी ते पुन्हा पन्नासावर आणले गेले. पहिल्या शतकातल्या बर्णबाला शंभराचा आकडा सुचणार कुठून? तसेच येशू गालील सरोवरातून गलबतात बसून नाझरेथला जातो, असे यात आहे. नाझरेथ तर डोंगरावरचे गाव. चोर्ला घाटात गलबत नांगरावे तसे हे झाले. येशूच्या जन्मावेळीच पिलात सुभेदार म्हणून दाखवला आहे. तो आला इ.स. २६ मध्ये. आणि गंमत अशी की येशू आपण मसीहा असल्याचे नाकारतो. कुराणात तर येशूला मसीहच म्हटले आहे. म्हणजे ज्यांच्या बाजूने साक्ष द्यायला हा साक्षीदार उभा केला, त्यांच्याही ग्रंथाशी तो जुळत नाही. म्हणूनच काही मुस्लिम अभ्यासकांनीही हे पुस्तक बनावट ठरवले आहे. इस्लामची भिस्त त्यावर कधीच नव्हती.

आणखी एक तपशील मला भारतीय म्हणून टोचला. यात बर्णबा बारा शिष्यांपैकी एक म्हणून स्वतः कथा सांगतो. त्याला जागा करायची तर कोणीतरी जायला हवे. या यादीत थोमा नाही! आपल्या देशात आला असे ज्याच्याविषयी शतकानुशतके मानतात, नेमका तोच.

मग लिहिले कुणी? नाव आजही सिद्ध झालेले नाही. पण काही अभ्यासकांचा कल स्पेनमधल्या मोरिस्को लोकांकडे आहे, आणि इथे माझे वाचन थांबले. मोरिस्को म्हणजे ज्यांना सोळाव्या शतकात बाप्तिस्मा सक्तीने घ्यावा लागला असे मुसलमान. नाव ख्रिस्ती, घरात दबक्या आवाजात जुनी प्रार्थना, दारावर इन्क्विझिशनची नजर. शेवटी १६०९ पासून त्यांना देशाबाहेर काढले. त्यांच्यापैकीच काहींनी ग्रानादात शिशाच्या पत्र्यांवर जुने ख्रिस्ती ग्रंथ म्हणून मजकूर कोरून पुरून ठेवला होता, असे मानतात. चर्चने पुढे १६८२ मध्ये तो खोटा ठरवला.

गोव्यात इन्क्विझिशन १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडली तर, चालू होती. रात्रीतून देव नदीपार नेलेल्यांची आम्ही वंशावळ, आणि मागे राहिलेल्यांचीही. स्वतःच्या नावाने बोलायची सोय नसलेला माणूस दुसऱ्याचे, आणि तेही शत्रूला नाकारता येणार नाही असे नाव शोधतो, हे आम्हाला तरी समजायला हवे. त्याने कागद खोटा केला, हे खरेच. पण तो कशासाठी केला असेल, हे कळले की हसू येत नाही. हे अनुमान बरोबर असेल तर पोपच्या घरातच आमचे सत्य लपवलेले आहे, ही त्या फ्रा मारिनोची गोष्ट हतबल माणसाचे स्वप्न होते.

एवढे वाचून ‘बघा, त्यांच्यात असे असते’ म्हणायचा मोह होतो. तो आवरावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ या नावाने शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘सुधारक’मधून विचारले होते की ज्ञानेश्वरी लिहिणारे आणि अभंग लिहिणारे ज्ञानदेव एकच का? केवढे वादळ उठले! नामदेवांच्या गाथ्यात विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले आहेत, हे आज बहुतेक मान्य आहे. शेवटच्या चरणात ‘नामा’ घातला की झाले. त्यात फसवणूक थोडी आणि भक्ती जास्त. लिहिणाऱ्याला आपले नाव पुसून गुरूच्या नावात विरघळायचे असते. बर्णबाच्या पत्रावर नाव चिकटवणाऱ्यांचेही तसेच काही असेल.

आणि गोव्यात? केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ साली ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ ओव्यांत रचायला घेतली, ती मराठीत. पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या ग्रंथालयात रोमी लिपीतल्या पोथ्या मिळाल्या. त्यांतले रामायण-महाभारताचे कोंकणी गद्य काहींनी शामाच्याच नावावर मांडले, काहींना ते पटले नाही. एकदा का पोथी निनावी निघाली की आपण सगळेच, मराठीवाले काय नि कोंकणीवाले काय, आपल्या सोयीचा जामीन शोधू लागतो. पोथी काय सांगते यापेक्षा ती कोणाच्या बाजूने उभी राहील याची काळजी जास्त. मी स्वतः मराठीवाला. त्या वादात कोणता पुरावा मी चटकन मानला आणि कुठल्यावर दहा शंका काढल्या, हे आठवले की थोडी लाज वाटते.

बर्णबाची गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हते त्याला जिवंतपणी तो जामीन राहिला. मेल्यावर लोकांनी त्याला न विचारता जामीन केले. यहुद्यांविरुद्ध, अंत्युखियाविरुद्ध, ख्रिस्ती लोकांविरुद्ध. त्याची पत होती म्हणूनच हे झाले. खोट्या सह्या सचोटीच्या माणसाच्याच होतात. पण फरक ध्यानात घ्यावा. त्याने जामीन दिला तो माणसासाठी, भेदरलेल्या आणि एकट्या पडलेल्या माणसासाठी. नंतरच्यांनी त्याचे नाव वापरले ते दुसऱ्याला हरवण्यासाठी.

हैदराबादेतच हेन्री मार्टिन इन्स्टिट्यूट आहे. १९३० साली लाहोरला ती सुरू झाली तेव्हा मुसलमानांत काम करणाऱ्या मिशनऱ्यांना तयार करणे हा हेतू होता. १९७१ पासून ती हैदराबादेत आहे आणि हळूहळू दोन धर्मांच्या माणसांनी एकमेकांशी बोलावे, या कामाकडे वळली आहे. आग्र्याच्या वादापासून इथवर यायला शंभरावर वर्षे लागली, पण वाट तीच बरी.

पुन्हा आबिड्सला गेलो तेव्हा ते गृहस्थ दिसले नाहीत. भेटले असते तर ‘तुमचे इंजील खोटे’ असे मी म्हणालो नसतो. बसून चहा घेतला असता आणि ज्युबिलीची, गलबताची आणि त्या मोरिस्कोंची गोष्ट सांगितली असती. त्यांच्याकडेही सांगण्यासारखे काही असतेच.

आणि हो, तो पळपुटा मार्क. तो पुढे कामाचा निघाला. नव्या करारात पौलाच्या नावावरच्या एका शेवटल्या पत्रात मार्काला बरोबर घेऊन ये, तो मला उपयोगी आहे, असा निरोप आहे. त्या पत्राच्या कर्तृत्वाबद्दलही वाद आहे, ती गोष्ट वेगळी. पण परंपरा ज्याला शुभवर्तमानकार मार्क म्हणते तो हाच. म्हणजे बर्णबाने स्वतः एक ओळ लिहून ठेवली नाही, पण ज्या दोघांना तो जामीन राहिला त्यांच्या नावावर नव्या करारातली कितीतरी पाने आहेत. कर्तृत्व म्हणायचे तर हे म्हणावे, आणि याबद्दल मला तरी शंका नाही.